तोटा कोणाच्या खात्यावर?

भिवंडीत माग थांबले की पहिला फटका कोणाला बसतो, असं माग-मालकाला विचारलं तर तो स्वतःकडे बोट दाखवेल आणि सूत पुरवणाऱ्या व्यापाऱ्याला विचारलं तर तोही तेच करेल. दोघंही खोटं बोलत नसतात. व्यापाऱ्याचं कोरं कापड गोदामात अडकलेलं असतं. मालकाचा विणकामाचा दर उतरलेला असतो आणि कर्जाचा हप्ता काही उतरलेला नसतो. पण या दोघांच्या खाली एक तिसरा माणूस असतो. बारा तासांच्या पाळीत सहा-आठ मागांवर नजर ठेवणारा, मीटरवर मजुरी घेणारा, पंधरवड्याला हिशेब होणारा. त्याला कामावरून काढून टाकण्याची कोणाला गरजच पडत नाही. नेमणुकीचा कागद नसतो, त्यामुळे बडतर्फीचाही नसतो. माग बंद राहिला की मीटर पडत नाही, मीटर पडला नाही की मजुरी नाही. ज्या खानावळीत तो दोन वेळ जेवतो, जिला भिवंडीत भिशी म्हणतात, तिथली उधारी मात्र रोज चढत असते. दुसऱ्या पंधरवड्याला भिशीवाला विचारू लागतो, तिसऱ्याला गावाकडे पैसे जायचे थांबतात. गाव बस्ती किंवा गोरखपूर जिल्ह्यात असेल, तेलंगणात असेल, नाहीतर इथेच मुरबाड-शहापूरकडे असेल. तिथे किराणा दुकानदाराच्या वहीत एक नाव वाढतं आणि घरातल्या थोरल्या मुलीची शाळा सुटते. तोटा असा वरून खाली येतो. प्रत्येक पायरीवरचा माणूस आपल्या वाट्यातला काही भाग खालच्याकडे सरकवतो आणि ज्या पायरीच्या खाली दुसरी पायरीच उरलेली नाही, तिथे तोटा थांबतो.

या तोट्याचा उगम बहुतेक वेळा फार लांब असतो. १५ सप्टेंबर २००८ रोजी न्यूयॉर्कमधली लेहमन ब्रदर्स दिवाळखोरीत गेली. अमेरिकेतल्या घरांवर दिलेली कर्जं, त्या कर्जांचे बांधलेले गठ्ठे आणि त्या गठ्ठ्यांवर लावलेल्या पैजा यांचा तो शेवट होता. पुढच्या वर्षी जगाचा व्यापार आकारमानाने सुमारे १२ टक्क्यांनी आटला. भारताच्या श्रम ब्युरोने केलेल्या पाहणीत, २००८ च्या ऑक्टोबर ते डिसेंबर या तीनच महिन्यांत कापड, हिरे-दागिने, धातू, वाहनं अशा निर्यातीशी जोडलेल्या धंद्यांतून सुमारे पाच लाख रोजगार गेल्याचा अंदाज निघाला. आणि ही पाहणी नोंदलेल्या कारखान्यांची. भिवंडीची भिशी, कल्याणचा मजूरनाका, उल्हासनगरच्या गाळ्यात जीन्स शिवणारा कारागीर हे त्या मोजणीत फारसे येतच नाहीत. यांपैकी कोणीही फ्लॉरिडातल्या घरावर पैज लावली नव्हती. तेजीच्या वर्षांत त्यांची मजुरी त्या पैजांमुळे दुप्पट झाली होती असंही नाही. मग ज्याने चूक केली नाही आणि ज्याला लाभही झाला नाही, त्याच्यावर येऊन पडलेल्या या दुःखाला जबाबदार कोण? हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहेच, पण तो तिथे संपत नाही. कर्ता दिसत नसेल तर कर्तव्य उरतं का, असा हा धर्माचा प्रश्न आहे.

याला आपल्याकडे दोन तयार उत्तरं आहेत. जुनं उत्तर म्हणतं, ज्याचं त्याचं प्रारब्ध. नवं म्हणतं, बाजाराचं चक्र आहे, वर जातं तसं खालीही येतं. एक पोथीच्या भाषेत बोलतं, दुसरं आलेखाच्या, पण काम दोघं एकच करतात. दोघंही कर्त्याला वाक्यातून काढून टाकतात. ‘काळच वाईट आला’ असं म्हटलं की कोणाकडे हिशेब मागायचा हा प्रश्नच मिटतो. महाभारताच्या शांतिपर्वात हाच पेच युधिष्ठिरासमोर आहे. राजा काळाने घडतो की काळ राजामुळे घडतो? शरपंजरी पडलेले भीष्म याचं उत्तर आडवळणाने देत नाहीत. याबद्दल शंका बाळगू नकोस, काळाला कारण राजाच, असं ते त्याला सांगतात. कुळाचा संहार झालेला, विजयाने खचलेला तो राजा राज्यच सोडून द्यायला निघाला होता. अशा राजाला हे ऐकवलं जातं, याला मी फार महत्त्व देतो. आजच्या भाषेत राजा म्हणजे एक व्यक्ती नव्हे. व्याजदर, कर, कामगार कायदे, कर्जमाफी कोणाला आणि वसुली कोणाकडून हे ठरवणारी सगळी सत्ता म्हणजे राजा. मंदी येणं एखाद्या वेळी कोणाच्याच हातात नसेल. ती कोणाच्या घरात उतरायची, हे मात्र माणसंच ठरवतात.

ठाणे-कल्याणच्या परिसराला हे दीडशे वर्षांपासून माहीत असायला हवं. भोर घाटाचा रेल्वेमार्ग १८६३ मध्ये आणि थळ घाटाचा १८६५ मध्ये सुरू झाला. दोन्ही घाट उतरून आलेले रूळ कल्याणला मिळतात. त्या काळात अमेरिकेत यादवी चालू होती, लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. दख्खनच्या शेतकऱ्याला सावकाराने सढळ हाताने कर्ज दिलं, कारण भाव चढता होता. १८६५ मध्ये यादवी संपली आणि भाव कोसळला. मुंबईतले शेअर बुडाले, पेढ्या बुडाल्या, मोठमोठी नावं धुळीला मिळाली. पण मुंबईचा व्यापार काही वर्षांत पुन्हा उभा राहिला. शेतकऱ्याच्या अंगावर मात्र तेजीतलं कर्ज तसंच राहिलं, वर शेतसारा वाढला. दहा वर्षांनी, १८७५ च्या मे महिन्यात, पुणे जिल्ह्यात सुप्याला लोकांनी सावकारांच्या घरांतून कर्जरोखे बाहेर काढून जाळले आणि ते लोण नगर जिल्ह्यात पसरलं. माणसं मारण्यापेक्षा कागद जाळण्यावर त्यांचा भर होता. तोटा आपल्या खात्यावर कोणत्या शाईने लिहिला गेला आहे, हे त्यांना नेमकं कळलं होतं. सरकारला १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला, म्हणजे जे चार वर्षांपूर्वी केवळ ‘काळ’ होतं ते कायद्याने बदलता येतं हे सरकारनेच मान्य केलं.

दुसरा दाखला १९३० नंतरचा. १९२९ च्या मंदीने शेतमालाचे भाव तीन वर्षांत निम्म्यावर आले. सारा, खंड आणि व्याज रोखीत द्यायचं होतं, आणि ते निम्मं झालं नाही. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णमानक सोडलं, सोन्याचा भाव चढला आणि खेड्याखेड्यांतून सोनं बाहेर पडू लागलं. बोरमाळ, पुतळ्या, नथ, मणी-मंगळसूत्र सोनाराच्या काट्यावर आलं, वितळून लगडी झाल्या आणि मुंबईच्या बंदरातून लंडनला गेल्या. सरकारी हिशेबात ही निर्यात होती आणि तिने ब्रिटनची परदेशी देणी भागवायला मदत केली. एका शेतकरी बाईच्या गळ्यातल्या चार मण्यांनी साम्राज्याची चलनव्यवस्था सावरली, हे वाक्य अतिशयोक्तीचं वाटेल, पण व्यवहार तोच होता. आता २०२० कडे पाहा. टाळेबंदीनंतर ऑगस्ट महिन्यात रिझर्व्ह बँकेने सोनं तारण ठेवून मिळणाऱ्या कर्जाची मर्यादा सोन्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर नेली, मार्च २०२१ पर्यंत. हेतू चांगला होता, लोकांच्या हातात रोकड यावी हा. पण त्याचा अर्थ असा, की संकटात गरीब घराला सर्वांत सहज मिळालेली मदत म्हणजे स्वतःचीच शेवटची पुंजी गहाण टाकण्याची वाढीव सोय. त्याच वर्षी बँकांच्या कर्जदारांना सहा महिने हप्ते पुढे ढकलण्याची सवलत होती. ज्याचं कर्ज बँकेचं, त्याला सवलत मिळाली. ज्याचं कर्ज गल्लीतल्या सावकाराचं, भिशीवाल्याचं किंवा खोलीमालकाचं, त्याला रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक लागू नव्हतं. दोघंही एकाच मंदीत होते, पण एकाचं संकट व्यवस्थेने ओळखलं.

मला जे म्हणायचं आहे ते याच ठिकाणी आहे. मंदीत गरिबाला जे द्यायचं ते दान समजून दिलं जातं आणि तिथेच आपली नीती चुकते. ते दान नाही, ते ऋण आहे. भागीदारीच्या धंद्याला आपण साधा न्याय लावतो: नफ्यात ज्याचा हिस्सा मोठा, तोट्यातही त्याचाच मोठा. तेजीत कापड स्वस्त विणून मिळालं, इमारत स्वस्तात उभी राहिली, घरातली धुणीभांडी परवडणाऱ्या पैशांत झाली, याचा नफा विणकराच्या वरच्या प्रत्येक पायरीने घेतलेला असतो. त्यात व्यापारी आहे, बिल्डर आहे, स्वस्त शर्ट विकत घेणारं ठाण्यातलं नोकरदार घर आहे, आणि समुद्रापलीकडचा ग्राहकही आहे. मंदी आली की मात्र या भागीदारीचा करार उलटा फिरतो आणि सर्वांत लहान हिस्सेदाराच्या माथी सर्वांत मोठा तोटा येतो. शतपथ ब्राह्मणात माणूस जन्मतःच ऋणी असतो असं सांगितलं आहे. देवांचं, ऋषींचं आणि पितरांचं ऋण आपण लक्षात ठेवतो, मुंजीत-श्राद्धात त्यांचा उच्चार करतो. तिथे चौथंही सांगितलं आहे, मनुष्यांचं ऋण, आणि तेच आपण विसरतो. ऋणाचा विचार दानापेक्षा कठोर आहे, कारण दान न देणारा फार तर कृपण ठरतो, ऋण न फेडणारा मात्र दोषी ठरतो. शिवाय दान घेणाऱ्याची मान खाली जाते, आपलं येणं वसूल करणाऱ्याची जात नाही.

यावर पहिला आक्षेप प्रारब्धाचा, आणि तो हसून उडवण्यासारखा नाही. कोट्यवधी माणसं त्यावर जगतात आणि त्याच्या आधाराने मोठी दुःखं सोसतात. स्वतःच्या दुःखाकडे पाहताना ‘हे माझ्या वाट्याचं होतं’ असं म्हणणारा माणूस मोडून पडत नाही, हे मी मान्य करतो. पण हा विचार दुसऱ्याच्या दुःखाला लावला की त्याची जात बदलते. स्वतःपुरता जो धीर असतो, तो दुसऱ्यावर टाकला की निकाल होतो. संयुत्तनिकायात मोळियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना थेट विचारतो, की माणूस जे सुखदुःख भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळेच, असं काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, ते खरं का? बुद्ध नाही म्हणतात. पित्त, कफ, वात, ऋतूंचा पालट, आघात अशी आठ कारणं ते मोजतात, त्यांत कर्माचं फळ हे केवळ एक. सगळं कर्मावर ढकलणारे जे प्रत्यक्ष दिसतं आणि जगात जे मान्य आहे त्याच्या पलीकडे धावतात, असा त्यांचा ठपका आहे. मंदीला हे तंतोतंत लागू पडतं. मजुरीचा दर, उधारी, कागद नसलेली नोकरी ही डोळ्यांना दिसणारी कारणं आहेत. ती समोर असताना मागच्या जन्मात शोध घेणं ही श्रद्धा नाही, ती चौकशी टाळण्याची रीत आहे. डॉ. आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माच्या सिद्धांतावर जो हल्ला चढवला, त्यामागे हीच काळजी होती. गरिबाच्या दुरवस्थेची जबाबदारी राज्यावर आणि समाजावर राहू नये, एवढ्यासाठीच असा सिद्धांत उपयोगी पडतो, हे त्यांनी ओळखलं होतं.

दुसरा आक्षेप मध्यमवर्गाचा आहे आणि तो डोंबिवलीत सर्वांत जोरात ऐकू येईल. मंदीत आम्हीही होरपळतो. २००९ मध्ये आयटीतल्या नोकऱ्या गेल्या, पगार गोठले, घराचे हप्ते चालूच राहिले. आम्ही कोणाचे ऋणको? ही वेदना खरी आहे. पण एक साखळी जवळून पाहावी. ज्या इमारतीतल्या घरांची मिळकत ठाण्या-मुंबईतल्या एकाच प्रकारच्या नोकऱ्यांतून येते, तिथे मंदी एकाच महिन्यात चार दारं ठोठावते. घरखर्चाला कात्री लावायची झाली की पहिली ओळ ठरलेली असते: “मावशी, पुढच्या महिन्यापासून येऊ नका.” एका घराची ही काटकसर हजार-दोन हजारांची असते. पण मावशींची चार कामं त्याच इमारतीत असतात. चारांतली तीन घरं एकाच आठवड्यात हे वाक्य बोलतात तेव्हा त्यांची जवळजवळ सगळी मिळकत जाते. त्यांनी उसने मागायला जावं तर शेजारीण दुसऱ्या सोसायटीत हेच ऐकून आलेली असते, भाऊ नाक्यावरून काम न मिळता परतलेला असतो आणि नवऱ्याच्या रिक्षाला भाडं नसतं. एरवी गरीब वस्ती एकमेकांच्या उसनवारीवर तगते. एकाचं आजारपण दुसऱ्याच्या कमाईवर निभावतं. मंदीत सगळ्यांचे दिवस एकदम फिरतात आणि हा आधार नेमका त्याच वेळी तुटतो, म्हणून मंदी ही साध्या गरिबीपेक्षा वेगळी आपत्ती आहे. नोकरदार घराकडे भविष्य निर्वाह निधी असतो, विमा असतो, बँकेत पत असते, गावाकडे किंवा परदेशात कोणीतरी सुस्थितीतलं नातलग असतं. ऋण प्रत्येकाचं सारखं नाही, ते या आधाराच्या प्रमाणात आहे. स्वतः अडचणीत असलेल्या घराने मावशींना वर्षभर पोसावं असं कोणी म्हणणार नाही. पण आपल्या तोट्याचा पहिला हप्ता त्यांच्याकडून वसूल करू नये, इतकं तर कमी पगाराच्या घरालाही जमतं.

तिसरा आक्षेप आकड्यांचा. जागतिक बाजारानेच गरिबी हटवली, मंदी ही त्या प्रगतीची किंमत आहे, असं अभ्यासू लोक म्हणतात आणि त्यांच्यापाशी पुरावा आहे. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने भारतातलं गरिबीचं प्रमाण २००४-०५ मध्ये ३७.२ टक्के होतं, २०११-१२ मध्ये २१.९ टक्के झालं. म्हणजे २००८ ची मंदी या सात वर्षांच्या पोटात असूनही गरिबी घटली. ही घट मोठी आहे आणि ती नाकारणाऱ्याशी माझं जमणार नाही. पण सरासरी ही कोणा एका माणसाची कहाणी नसते. एकूण आकडा उतरत असतानाही त्याच्या आत काही घरं वर येत असतात, काही बुडत असतात. जागतिक बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी २००९ च्या मंदीचा आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेकडच्या देशांवर काय परिणाम झाला असावा याचा अंदाज बांधला, तेव्हा एरवी जगली असती अशी तीस ते पन्नास हजार बालकं त्या एका वर्षात दगावली असतील, असं त्यांना आढळलं. त्यांत मुलींचं प्रमाण फार मोठं होतं. पुढे त्या देशांचं उत्पन्न सावरलं. त्या मुली परत आल्या नाहीत. शाळा सुटलेली मुलगी, विकलेली गाय, सोडवता न आलेलं गहाण, अंगावर काढलेला क्षय हे सगळं वाढीच्या पुढच्या दरात भरून निघत नाही. २०२० मध्ये तर सरासरीही उलटली. जागतिक बँकेच्या हिशेबाने त्या वर्षी जगात सुमारे सात कोटी माणसं आणखी अतिदारिद्र्यात ढकलली गेली. प्रगतीला किंमत असते हे क्षणभर धरून चालू. ती कोणी मोजायची, हा प्रश्न तरीही जागेवरच राहतो, आणि लाभ घेणाऱ्याने दुसऱ्याच्या खिशातून किंमत मोजणं याला धर्माच्या कोणत्याही व्याख्येत जागा नाही.

उरतो तो दयेचा आक्षेप, आणि त्याच्याबद्दल मला सर्वांत अधिक आदर आहे. २०२० च्या उन्हाळ्यात ठाणे, कल्याण, डोंबिवलीत मंदिरं, गुरुद्वारे, मशिदी, बुद्धविहार, गणेश मंडळं आणि नुसते सोसायट्यांचे गट यांनी लाखो पाकिटं जेवण वाटलं. नाशिक महामार्गावरून कसाऱ्याकडे चालत निघालेल्यांना पाणी, चपला, बिस्किटं दिली. ते नसतं तर माणसं उपाशी मेली असती. पण दयेची मर्यादा तिच्या स्वभावातच आहे. देणाऱ्याचे दिवस बरे असतील तोवरच ती टिकते आणि मंदीत देणाऱ्याचाही हात आखडतो. आपल्या परंपरेत दुष्काळाच्या ज्या कथा टिकल्या, त्या या बाबतीत आपल्यापेक्षा शहाण्या आहेत. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बादशाही कोठारं लोकांसाठी उघडली, ही कथा आपण दयेची म्हणून सांगतो. पण कथा तिथे थांबत नाही. दिलेल्या धान्याची किंमत दरबारात भरावी लागते, आणि ती भरायला विठ्ठलाला विठू महाराचं रूप घेऊन जावं लागतं. हिशेब माफ होत नाही, तो चुकता होतो, आणि तो चुकता करणारा देव सर्वांत खालच्या पायरीवरच्या माणसाच्या वेशात येतो. तुकोबांबद्दलची परंपरा याच्याही पुढे जाते. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला, घरात मृत्यू झाले. त्यानंतर वडिलोपार्जित सावकारीच्या कर्जखतांतला भावाचा वाटा त्याला देऊन आपल्या वाट्याची खतं त्यांनी इंद्रायणीत सोडली, असं सांगतात. स्वतः बुडालेल्या माणसाने कुळांकडून वसुली करून सावरायचं नाकारलं. दामाजींनी राज्याचं दिलं, तुकोबांनी स्वतःचं येणं सोडलं. दोन्ही ठिकाणी वरच्याने तोट्यातला वाटा उचलला आहे, उरलेलं वाढून दिलेलं नाही.

ऋण फेडायचं म्हणजे नेमकं काय, याचीही दिशा जुन्या ग्रंथांत मिळते. दीघनिकायातल्या कूटदंत सुत्तात एका राजाला मोठा यज्ञ करायचा असतो. पुरोहित त्याला सांगतो, की राज्यात लूटमार माजली आहे, ती कर वाढवून आणि फाशी देऊन थांबणार नाही. शेती करणाऱ्याला बी आणि चारा दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, चाकरी करणाऱ्याला अन्न आणि वेतन दे. म्हणजे भुकेल्याला नुसता घास नाही, तर उभं राहण्याचं साधन. महाराष्ट्राने हे एकदा करून दाखवलं आहे. १९७२ च्या दुष्काळातून वि. स. पागे यांच्या चिकाटीने रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि मागेल त्याला काम हा हक्क ठरला. ज्याने दुष्काळ आणला नाही त्याचं पोट राज्याने भरायचं, आणि ते काम देऊन, मान राखून, हे तत्त्व त्यात होतं. पुढे २००५ च्या देशव्यापी कायद्याला या अनुभवाचा मोठा आधार मिळाला. पण ही हमी गावाच्या वेशीशी थांबली. मुरबाडच्या शेतमजुराला ती मिळाली, तोच मजूर कल्याणच्या नाक्यावर येऊन उभा राहिला की संपली. बांधकाम मजुरांसाठी १९९६ मध्ये कायदा झाला, बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर गोळा होऊ लागला, आणि २०२० मध्ये महाराष्ट्रात या मजुरांच्या कल्याण मंडळाने नोंदलेल्या मजुरांच्या खात्यावर सुरुवातीला २००० रुपये टाकले. रक्कम तुटपुंजी होती, तरी तत्त्व योग्य होतं, कारण पैसा त्या धंद्याच्या तेजीतूनच साठवलेला होता. अडचण नोंदणीची. त्यासाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि रोज नव्या ठेकेदाराबरोबर जाणाऱ्याला तो देणार कोण? यंत्रमागासाठी, घरकामासाठी, गाळ्यातल्या शिलाईसाठी असा तेजीत भरणारा आणि मंदीत उघडणारा निधी असायला काहीच हरकत नाही. नाशिकच्या लेण्यांत इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा, राजघराण्यातल्या उषवदाताचा शिलालेख आहे. त्याने २००० कार्षापण नाणी विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघटनेकडे, कायमची ठेव म्हणून ठेवली, मुद्दलाला हात लावायचा नाही आणि दरमहा शेकडा एक व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांची सोय करायची, अशा अटीवर. म्हणजे एकेकाळी याच मुलखात विणकरांची संघटना राजघराण्याची ठेव सांभाळण्याइतकी भरवशाची होती. आज भिवंडीतल्या विणकराच्या नावावर मजुरीची पावतीसुद्धा नसते.

शेवटी एक आक्षेप असा येतो, जो फार जण उघड बोलत नाहीत: हे लोक मुळात इथले नाहीत, त्यांचं ऋण त्यांच्या राज्याने फेडावं. मे २०२० च्या सुरुवातीला भिवंडीहून गोरखपूरला श्रमिकांची विशेष गाडी सुटली, तेव्हा व्यवहारात हेच घडलं. तेजीत ज्यांचे श्रम या जिल्ह्याने घेतले, त्यांना मंदीत त्यांच्या गावाच्या हवाली केलं. त्यांची जायची इच्छा होती हे खरं, पण इथे भाडं आणि भाकरी यांची हमी असती तर किती जण गेले असते, हा प्रश्न आपण विचारलाच नाही. कल्याणला तर असं म्हणण्याचा अधिकारच नाही. हे बंदर रोमन काळापासून परक्या जहाजांवर वाढलं. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या रहिवाशांनी कोरून ठेवलेले दानलेख आहेत, आणि अशा लेखांत दान चारी दिशांच्या संघाला अर्पण केल्याचं लिहिण्याची रीत होती. कोणत्याही दिशेने आलेल्या भिक्षूला तिथे वाटा होता, तो कुठला हे विचारायचं नव्हतं. रेशनच्या बाबतीत देशाने हे तत्त्व उशिरा का होईना स्वीकारलं. सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२१ रोजी सर्व राज्यांना ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजना ३१ जुलैपर्यंत लागू करायला सांगितलं, म्हणजे बस्तीच्या कार्डावर भिवंडीत धान्य मिळण्याचा मार्ग कायद्याने खुला झाला. धान्याला जे लागू झालं ते कामाच्या हमीला, आजारपणाच्या खर्चाला आणि बंद मागाच्या पंधरवड्यालाही लागू व्हायला हवं. पुढच्या मंदीची वाट न पाहता त्यासाठीचा निधी गोळा करायचा असेल, तर तो माग चालू असतानाच, विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मीटरमागे गोळा करावा लागेल, आणि त्याचा भार व्यापाऱ्याइतकाच कापड विकत घेणाऱ्या आपल्यावरही यायला हवा.